पीळ

आयलर्टच्या उजव्या हाताला एक चाळा होता.
डाव्या हासळीखाली, कातडीच्या खिशात
काडेपेटीएवढी डबी;
बॅटरी संपत आली म्हणून मार्चमध्ये बदललेली.
जुना खिसा मोठा, नवी डबी लहान,
आत ती ओल्या साबणासारखी निसटायची
आणि त्याची बोटं तिला फिरवत राहायची.
खाज असेल, म्हटलं आम्ही.
मलम लावलं.

चाळीस वर्षं तो दोर वळायचा
बंदरामागच्या लांबच लांब शेडमध्ये.
एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला हिल्दुर,
मधे दोनशे पावलं डांबराचा वास.
आता हिल्दुर गेल्याचं त्याला आठवत नाही,
जेवण झाल्याचं आठवत नाही,
माझं नाव तो रोज नवं ठेवतो.
पीळ कुठल्या बाजूला द्यायचा
तेवढं बोटांना पाठ आहे.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमाराला खिडकी जराशी निळी होते
आणि दोन वाजता पुन्हा मिटते.
अशाच एका निळ्या वेळी त्याला उचकी लागली,
एकसारखी, नेमाची.
स्वयंपाकघरातली गुन्व्होर म्हणाली,
कुणीतरी आठवण काढतंय म्हाताऱ्याची.
मी चमचाभर साखर दिली.
दोन दिवसांनी उचकी थांबली
आणि डावा हात उडू लागला,
खांद्यापासून, टक्, टक्.
कॉफी बशीत, बशीतून मांडीवर.
तो मात्र खूश: "बघ, चाक लागलं फिरायला!"
रात्रीच्या वहीत मी लिहिलं:
हात हलतो. आनंदी दिसतो.

तिसऱ्या रात्री तो न्हाणीघराच्या दारात कोसळला.
मी फरशीवर बसून त्याचं मनगट धरलं,
नजर त्याच्या दंडावर.
दंड मिनिटाला साठ.
मनगट चौतीस.
पुन्हा मोजलं.
साठ.
चौतीस.

डबी आपलं काम चोख करत होती,
एक ठोका चुकवत नव्हती,
फक्त भलत्याच दारावर थापा मारत होती.
आणि इकडे घरधनी,
कुणी उठवत नाही म्हटल्यावर
आपल्या आपण, जमेल तसा,
उठत होता,
बसत होता.

वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर नाही.
रुग्णांची बोट, साडेतीन तास.
छातीवर डकवलेल्या पट्ट्या बाहेरून धक्के द्यायच्या,
प्रत्येक धक्क्याला तो दचकायचा, कण्हायचा,
आणि लाट आली की आम्ही दोघंही.
त्याचा उजवा हात मी घट्ट धरून ठेवला होता.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

बोडोच्या इस्पितळात डॉक्टर टोरुनने
पडद्यावर फोटो लावला.
हृदयात असायला हवी ती तार हृदयात नव्हती.
डबीभोवती तिचे वेढे होते,
एकाला एक लागून, सारख्या ताणाचे.
मी मोजले. चौदा.
"किती सुबक," ती बोलून गेली
आणि ओशाळली.

सुंभ जळून गेला होता,
नावं, वर्षं, बायकोचं मरण, सगळं.
पीळ तेवढा जागच्या जागी,
आणि हाताशी दुसरं काही नव्हतं
म्हणून त्यानं
आपल्याच जीवाची तार वळायला घेतली.
आम्ही मलम लावत होतो.

आता नवी तार आहे.
डबी खालच्या स्नायूला टाके घालून बांधली आहे,
बोटं तिथे जातात, चाचपतात, परत येतात.
मी बंदरावरच्या दुकानातून तागाच्या तीन लडी आणल्या.
संध्याकाळी खुर्ची दारापर्यंत मागे सारते,
दुसरं टोक धरते.
"हिल्दुर, सैल सोडू नकोस," तो ओरडतो.
नाही सोडत, मी म्हणते.

वहीतली ती ओळ मी खोडलेली नाही.
राहू दे. आनंदी दिसत होता, हे खरंच होतं.
तिच्याखाली, पुढच्या पाळीसाठी:
दंड बघणे. मनगट मोजणे.
दोन्ही.

आणि आज, दोर नऊ मीटर.